फक्त या मशीनसाठी

३ नोव्हेंबर, सोमवार. बोईसर.

पोहोचलो एकदाचा. पालघरच्या स्टँडवर भाचा मनीष आधीच येऊन उभा होता. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली, मी ती परत घेतली, कारण आत लोणच्याची बरणी होती आणि तो पिशवी झुलवत चालतो. तिथून बोईसरपर्यंत त्याच्या मित्राच्या गाडीतून आलो. वाटेत सांगलीच्या घराचा गॅस बंद केला की नाही ते आठवेना. शेजारणीला फोन करून खिडकीतून बघायला लावलं. बंद होता.

भाचेसुनेने, म्हणजे प्रतीक्षाने, तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण केलं होतं. बोंबील नवापूरच्या बाईकडून घेतलेले. फार वर्षांनी दोनदा वाढून घेतलं. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून शिफ्टच्या बसेस दिसतात. हवेला औषधाच्या दुकानासारखा वास आहे. प्रतीक्षा म्हणाली, मामा, चार दिवसांनी येईनासा होईल. नाक काम करायचं थांबतं की वास थांबतो, हे तिने सांगितलं नाही.

बायको, सावित्री, गेल्यापासून सांगलीत भिंतींशी बोलायची वेळ आली होती. इथे माणसं आहेत. बरं वाटतंय. मनीष म्हणतो, पुढच्या रविवारी केळव्याला जाऊ.

५ नोव्हेंबर, बुधवार.

मनीषने मला चक्क नोकरी लावली आहे! सातवी शिकलेल्या म्हाताऱ्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. आधी वाटलं थट्टा करतो. मग वाटलं, मला दिवसभर घराबाहेर काढायची ही युक्ती असावी. प्रतीक्षाच्या तोंडाकडे बघितलं, पण ती पीठ मळत होती.

काम असं. मनीषच्या कंपनीत तीनच माणसं. कारखान्यात माल कसा बनवायचा, कधी ओतायचं, कधी ढवळायचं, याची कृती ते त्यांच्या स्वतःच्या एका भाषेत लिहितात. मशीनला ती भाषा कळत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषा बसवायचा, जो एकेक ओळ वाचून मशीनला सांगतो. त्याला इंटरप्रिटर म्हणतात. हा दुभाषा प्रत्येक जातीच्या मशीनसाठी निराळा घडवावा लागतो, त्या घडवण्याला कंपाइल म्हणायचं. मनीषच्या ऑफिसातल्या सगळ्या मशीनवर तो सुरळीत घडतो. एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्यातल्या जुन्या मशीनवर मात्र अडतो. ते मशीन पॅनेलमध्ये पक्कं बसवलेलं, हलवता येत नाही, तिथे इंटरनेट नाही, मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. फक्त लँडलाइन आहे. मनीषला ऑफिस सोडून रोज तिथे बसणं शक्य नाही. तर मी तिथे बसायचं, तो सांगेल ती बटणं दाबायची आणि स्क्रीनवर जे येईल ते अक्षर अक्षर फोनवर वाचायचं.

मी म्हटलं, मला त्यातलं काही कळणार नाही. तो म्हणाला, म्हणूनच तुम्ही हवेत. ज्याला कळतं तो अंदाजाने वाचतो.

हे कौतुक होतं की काय होतं, अजून ठरलेलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

पहिला दिवस. डबा, गोळ्या, चष्मा, ही वही. कंपाइल चालू असताना स्क्रीनवर ओळी सरकत राहतात आणि दुसरं काही करायचं नसतं. तेव्हाच हे लिहितो.

कारखाना नव्या मालकाने घेतलाय. मॅनेजर दिग्विजय, चाळिशीचा, सारखा घाईत, मला काका म्हणतो. कंट्रोल रूम वरच्या मजल्यावर. जाड काचेच्या खिडकीतून खालचा मोठा रिअॅक्टर दिसतो. त्याच्या डोक्यावर माणूस जाईल एवढं तोंड आहे, आत शिडी, मधोमध ढवळणारा दांडा आणि त्याची पाती.

आत साफसफाई करतो सुका. तो रिअॅक्टरला भांडं म्हणतो. विक्रमगडकडचा, डोंगरातला, पावसाळाभर शेती आणि नंतर इकडे. तोंड अखंड चालू. मला बघून म्हणाला, "बाबा, तुमी कंपूटरवाले? आमच्या बायडीला सांगतो, आता म्हातारे पन कंपूटर शिकले, तू पन शीक!" बायडी ही त्याची बायको. आत उतरताना तो टायरच्या चपला तोंडाशी काढून ठेवतो. वर आला की आधी चपला घालतो, मग बोलतो. तोंडाभोवती उभं राहायची लोखंडी जाळी उन्हाने तापलेली असते.

मी साखर कारखान्यात हेच काम केलेलं. माणूस आत, मी तोंडाशी. पान्याने दोन ठोके म्हणजे 'आहे'. समोरच्यानेही दोन ठोके देऊन उत्तर द्यायचं. तीन ठोके म्हणजे 'बाहेर ये'. तोंडाशी बसलेल्याने आतला बाहेर येईपर्यंत जागा सोडायची नाही, सोडायचीच झाली तर दुसरा बसवून. सुकाला हे शिकवलं. त्याला फार आवडलं. दिवसभर उगाच दोन-दोन ठोके देत होता.

८ नोव्हेंबर, शनिवार.

कंपाइल एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा थांबत होतं. मी वाचून वाचून घसा बसवला. शेवटी मनीषला कळलं: हे मशीन आकडा उलट्या टोकाकडून वाचतं. बाकीची मशीनं ज्या बाजूने सुरू करतात तिथे हे संपवतं. त्याने तेवढा भाग बदलून कार्डात भरून दिला. ते कार्ड मी मशीनच्या खाचेत सरकवतो. गाडी पुढे सरकली.

मनीष आनंदात. मला मात्र असल्या मशीनवर भरवसा ठेवणं पटत नाही. सगळं जग एका टोकाने वाचतं आणि हे दुसऱ्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

दुभाषा घडला! मग चाचण्या. एक सोडून सगळ्या पास.

जी नापास झाली ती अशी. रिअॅक्टरच्या तोंडाशी आधीच्या मालकाने एक डोळा बसवलाय. माणूस आत गेला की एक वाढतो, बाहेर आला की एक कमी होतो. आत शून्य माणसं असतील तरच ढवळण्याच्या मोटरचं कुलूप उघडतं. कृतीची पहिली ओळच ती आहे: आत किती?

स्क्रीनवर आलं, एक.

सुका तर माझ्या शेजारी उभा राहून तंबाखू मळत होता. त्याला आत पाठवलं, स्क्रीनवर दोन. बाहेर आला, एक. म्हणजे डोळा बरोबर. मोजणी बरोबर. फक्त सुरुवातच एकापासून.

सुका हसला. "भांड्यात कोन हाय मग? भाडं तरी मागा त्याच्याकडं."

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

मनीषने काल रात्री जेवताना समजावलं. मशीनमध्ये आकडा ठेवायला जागा लागते. नवी मशीनं जागा देताना ती आधी पुसून देतात. हे जुनं पुसत नाही. आधीच्याचं जे उरलेलं असतं ते तसंच राहतं आणि आपण त्याच्यावरून मोजायला लागतो. त्याने जागा मुद्दाम पुसायची ओळ घातली. आज पुन्हा कंपाइल केलं.

तरी एक.

मनीषने फोनवर तो आकडा मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, मामा, नीट वाचलंत ना? मला राग आला. एक वाचायला काय नीट लागतं?

सुका बॅटरी घेऊन आत सगळीकडे फिरून आला. पात्यांच्या खाली, तळाशी, सगळीकडे. कोणी नाही. वर येऊन चपला घातल्या आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

दुपारी सुका जेवायला गेला होता. मी तोंडाशी खुर्ची टाकून डबा खात होतो. आतून दोन ठोके आले.

मी पान्याने दोन दिले. चाळीस वर्षांची सवय, हाताने दिले, डोक्याने नाही. मग आठवलं की सुका नळाजवळ बसून भाकरी खातोय. तिथून दिसत होता.

आत बॅटरी मारली. काही नाही. तापलेला पत्रा थंड होताना आवाज करतो, हे मला माहीत आहे. पण पत्रा उत्तराची वाट बघत नाही. मी दोन दिल्यावर तो थांबला.

सुकाचीच काहीतरी गंमत असणार. पाइपातून दगड वगैरे. त्याला विचारलं तर म्हणाला, "नाय बाबा, आमी असली मस्करी भांड्याच्या आत नाय करत." चेहरा खरा वाटला. पण खरे चेहरे मी पुष्कळ बघितलेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

केळव्याला जाणं झालं नाही. मनीष सुट्टीचाही ऑफिसात. गुरुवारी मोटरची चाचणी आहे, मालक येणार. तेव्हा मशीन चाललं नाही तर काम दुसऱ्या कंपनीला आणि मनीषची नोकरीही गेली. हे मला प्रतीक्षाने हळूच सांगितलं, तो अंघोळीला गेल्यावर. त्यांना घरात पाळणा हलायची आशा आहे, हेही तेव्हाच कळलं. माझ्यापासून का लपवलं?

दिग्विजयला सरळ विचारलं, या रिअॅक्टरात पूर्वी काही झालं होतं का. तो मोबाइल नसलेला रिकामा खिसा चाचपत म्हणाला, काका, आम्ही मशीनं विकत घेतली, गोष्टी नाही. हसला. त्या हसण्यात काहीतरी होतं. की नव्हतं?

मनीषने मार्ग काढलाय. बाकीच्या मशीनवर एकही ओळ बदलायची नाही. फक्त या मशीनसाठी एक जास्तीची ओळ घालायची: येईल त्यातून एक वजा कर. तो म्हणाला, असं सगळेच करतात, प्रत्येक मशीनचा काहीतरी हट्ट असतो, तो वेगळा बांधून ठेवायचा.

मी म्हटलं, आणि तो एक खरा असला तर? मनीष म्हणाला, मामा, सुकाने आत जाऊन पाहिलंय ना.

ठोके रोज दुपारी येतात. मी दोन देतो. न दिले तर ते थांबत नाहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

ओळ घातली. ती मीच टाइप केली, मनीष अक्षर अक्षर सांगत होता. कंपाइल झालं. स्क्रीनवर शून्य. सुका आत गेला, एक. बाहेर आला, शून्य. खाली हिरवा दिवा लागला. दिग्विजयने पेढे मागवले.

पेढा हातात होता तेव्हा ठोके सुरू झाले. आधीसारखे नाहीत. दोन, दोन, दोन, घाईचे, पुन्हा पुन्हा. जसं कोणाला कळलं असावं की आपल्याला मोजण्यातून काढलं.

बाकीच्यांना ऐकू येत नव्हतं, किंवा ते तसं दाखवत होते. सगळे गेल्यावर मी तोंडाशी गेलो. मला ते सहन होईना. आत माणूस आणि बाहेरचा त्याला नाही म्हणतो, असं आमच्याकडे कधी झालं नाही. मी पाना घेतला आणि तीन दिले.

बाहेर ये.

ठोके थांबले. जाळी थोडी हलली, कोणी पाय ठेवावा तशी.

मी मागे न बघता घरी आलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

स्क्रीनवर उणे एक.

आत सुका नाही. कोणी नाही. उणे एक.

मनीषला सांगितलं तर तो खूश! म्हणतो, मग जुना एक आपोआप गेला, आता वजाबाकीची गरज नाही, उद्या सकाळी ती ओळ काढलेलं कार्ड देतो. मला त्याला सांगता आलं नाही की तो आपोआप गेलेला नाही. मी बोलावला.

तोंडाशी ठेवलेली माझी खुर्ची ओली होती. बसल्यावर कळलं.

सुका म्हणाला, "बाबा, काल तुमच्या मागं कोन चालत होता गेटपर्यंत? निळ्या कपड्यात?"

मी म्हटलं, कोणी नाही. रात्रभर पायऱ्यांवर बूट वाजत होते. तिसऱ्या मजल्यापर्यंत. शिफ्टवाला कोणी असेल. शिफ्टवालाच.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

सकाळी. कार्ड मशीनमध्ये घालायच्या आधीच दिग्विजयने सुकाला आत उतरवलं. मालक येतोय, तळाला डाग दिसतोय म्हणून. मी तोंडाशी बसलो. सुका चपला काढून गेला. वर खिडकीतून स्क्रीनचा मोठा आकडा दिसतो. बघितलं, शून्य.

सुका आत आणि शून्य. खाली हिरवा दिवा.

दिग्विजय स्विचपाशीच. मी ओरडलो, हात लावू नका. तो म्हणाला, मी वेडा आहे का काका, हा आत आहे हे मला दिसतंय. पण मालक आला, तो त्याच्याशी बोलत बाहेर जाऊ लागला, आणि हिरवा दिवा बघून बटण दाबणारे त्याच्याकडे आणखी आहेत. डाग निघाल्याशिवाय सुकाला वर घेऊ देणार नव्हते, म्हणून मला वर जाऊन ती ओळ काढायलाच हवी होती. जागा सोडायची तर दुसरा बसवायला हवा. मागे एक जण उभा होता, कंत्राटदाराचा असावा, निळे कपडे. त्याला म्हटलं, इथे बस, दोन ठोके आले की दोन दे. त्याने मान हलवली. मी जिना चढलो.

*

कंपाइल झालं. स्क्रीनवर एक. दिवा लाल. सुका मोजला गेला. देवा. झालं.

*

खालून ठोके आले. तीन. त्याने तीन का दिले? दोन सांगितले होते.

*

सुका वर आलाय. दारात उभा आहे, ओला, पाणी टपकतंय. स्क्रीनवर अजून एकच. मनीषला फोनवर सांगितलं. तो वैतागला, म्हणाला, मग हा तोच जुना घोळ, सुका तुमच्या डोळ्यांसमोर उभा आहे ना? मालक खाली थांबलाय, वजाबाकीची ओळ परत घाला मामा, माझ्यासाठी. सुका समोर उभा होता. मी घातली. कंपाइल सुरू आहे. ओळी सरकतायत. फोन ठेवला.

संपलं एकदा की मी सांगलीला जाणार.

*

सुका काही बोलत नाही.

*

"बायडी कशी आहे" विचारलं. नुसता बघतो. पायात बूट आहेत. सुकाकडे बूट नाहीत.

*

खिडकीतून बघितलं. खुर्ची रिकामी. टायरच्या चपला तोंडाशी तशाच आहेत —

दोन ठोके. आतून. खरे. सुकाचे. तोंडाच्या डोळ्यासमोरून कोणी बाहेर आलंच नाही, मशीन बरोबर सांगत होतं, एक, एक —

फोन लावला, लागत नाही, नुसती घरघर. हे थांबवायचं बटण मला कधी कोणी शिकवलंच नाही. प्लग पॅनेलच्या आत, कुलूप. काचेवर हात आपटतोय, दिग्विजय मालकाला दिवा दाखवतोय, वर बघत नाही —

दाराकडे गेलो. तो हलत नाही. गार आहे. अंगातून गार —

टेबलावर आलो. भिंतीतला पाइप भांड्याकडे जातो. पान्याने तीन दिले. बाहेर ये सुका. तीन. तीन. पाइपातून तिसरा पोचत नसावा, तो उत्तर देतो दोन. आहे म्हणतो. त्याला वाटतं मी तोंडाशी बसलोय, तो निवांत डाग घासतोय —

लिहून ठेवतो म्हणजे मनीषला — मनीष, तो एक खरा आहे, आधीचाही खरा होता, वजा करू —

शेवटच्या ओळी. दारातला आता आत येऊन माझ्या खुर्चीमागे. सुका दोन देतो. आकडा येतोय —

शू